बॉयलर ‘अचानक’ फुटत नाही

दसरा जवळ आला, की साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपन समारंभांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागतात. पूजा होते, नारळ फुटतो, अध्यक्षांचे भाषण होते. बातमीत यंदाच्या गळिताचे उद्दिष्ट असते, उसाचा दर असतो. मात्र ज्या पोलादी भिंतीच्या आड पुढचे चार-पाच महिने वाफ कोंडली जाणार, त्या भिंतीची जाडी आता किती उरली आहे, हे बातमीत कधीच नसते. पुढे एखाद्या कारखान्यात दुर्घटना घडली, तर वेगळी बातमी येते आणि तिच्यात एक शब्द हमखास असतो: ‘अचानक’. बॉयलरचा अचानक स्फोट झाला. चांगल्या पोलादाचे बहुतेक बॉयलर आणि दाबपात्रे खरोखर अचानक फुटतात का, हा प्रश्न आज विचारायला हवा. त्याला निमित्त आहे नव्या कायद्याचे.

देशातील १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या बॉयलर कायद्याने घेतली. भारतात अशा कायद्याची गरज पहिल्यांदा जाणवली ती १८६३ मध्ये, कोलकात्यातील एका भीषण बॉयलर स्फोटानंतर. त्यानंतर बंगालमध्ये तपासणीचा कायदा करण्याची हालचाल सुरू झाली, इतर प्रांतांनी आपापले नियम केले आणि १९२३ मध्ये साऱ्या देशाला एक कायदा मिळाला. नव्या कायद्याने भाषा सोपी केली आणि कालबाह्य कलमे काढली. किरकोळ गुन्ह्यांसाठी तुरुंगवासाऐवजी दंड आणला. ज्यांमुळे माणसे मरू शकतात अशा चार प्रमुख गुन्ह्यांसाठी मात्र फौजदारी शिक्षा कायम ठेवली. हे ठीकच झाले. पण कायदा कागद तपासतो, भार भिंत पेलते. म्हणून भिंत कधी हार मानते, हे समजून घेतल्याशिवाय कायदा पुरेसा आहे की नाही, हेही कळणार नाही.

भिंतीवर किती ताण?

दाबाचा आकडा ऐकायला लहान वाटतो. मध्यम आकाराच्या बॉयलरमध्ये दर चौरस सेंटिमीटरवर १० किलो दाब असणे ही अगदी सर्वसाधारण बाब. पण ४० सेंटिमीटर व्यासाच्या एका झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे १,२५० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे त्या एका झाकणाला आतून साडेबारा टनांचा रेटा बसतो, आणि तोही दिवसरात्र.

दंडगोल पात्राच्या भिंतीत किती ताण निर्माण होतो, हे सांगणारे सूत्र शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. दाबाला व्यासाने गुणायचे आणि जाडीच्या दुपटीने भागायचे. दीड मीटर व्यासाचे पात्र, १ सेंटिमीटर जाड भिंत आणि आत १० किलोचा दाब असेल, तर भिंतीतला ताण येतो दर चौरस सेंटिमीटरला ७५० किलो. पात्र रुंद झाले तर ताण वाढतो, भिंत पातळ झाली तरी वाढतो.

वैद्यकशास्त्राला हे सूत्र परके नाही. पोटातील महारोहिणीला फुगवटा येतो, त्याला डॉक्टर अ‍ॅन्युरिझम म्हणतात. तिथेही हाच नियम चालतो. ही रोहिणी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ती फुगत गेली, की रक्तदाब तोच राहूनही भिंतीवरचा ताण वाढतो. ताण वाढला म्हणून ती आणखी फुगते. पुरुषांत हा व्यास साडेपाच सेंटिमीटरपर्यंत पोहोचला, की लक्षण एकही नसले तरी शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. रोहिणी फुटण्याची वाट कोणी पाहत नाही. ठराविक अंतराने सोनोग्राफी करून व्यास मोजतात आणि वाढ किती झाली ते पाहतात. दाबपात्राची तपासणी म्हणजे तरी दुसरे काय असते?

पोलाद हार कशी मानते

लोखंडाची बारीक तार थोडी वाकवून सोडली, तर ती सरळ होते. जास्त वाकवली, तर वाकलेलीच राहते. पहिल्या अवस्थेला स्थितिस्थापक म्हणतात, दुसरीला अभियंते ‘प्लॅस्टिक’ म्हणतात. बादली-मगाच्या प्लॅस्टिकशी तिचा संबंध नाही. धातूचा आकार कायमचा बदलला, एवढाच त्याचा अर्थ. ज्या ताणाला हा बदल सुरू होतो, ती त्या धातूची यील्ड मर्यादा. बॉयलरसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पोलादात ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २,६०० किलो असते.

या मर्यादेला पोहोचणे म्हणजे फुटणे नव्हे. पात्रात सगळीकडे ताण सारखा नसतो. दंडगोल जिथे टोकाच्या घुमटाला जोडला जातो किंवा भिंतीला भोक पाडून नळी बसवली जाते, तिथे तो बराच जास्त असतो. त्या जागी पोलाद आधी यील्ड होते. चांगले, चिवट पोलाद तिथे तुटत नाही. ते किंचित ताणले जाते आणि वाढीव भार शेजारच्या, अजून ताकद शिल्लक असलेल्या भागाकडे सरकवते. वाकणाऱ्या सपाट पट्टीचेच उदाहरण घेतले, तर तिचा पृष्ठभाग ज्या भाराला पहिल्यांदा यील्ड होतो, त्याच्या दीडपट भार आल्यावरच तिची पूर्ण जाडी शरण जाते. भार वाटून घ्यायला शेजारी कोणी उरला नाही, की दाब जरासा वाढला तरी पात्र फुगतच जाते. या अवस्थेला ‘प्लॅस्टिक कोलॅप्स’ म्हणतात.

हा क्षण आधी सांगता येतो का? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ड्रकर, प्रागर आणि ग्रीनबर्ग या तिघा शास्त्रज्ञांनी त्यासाठीचे प्रमेय मांडले. त्याचे सार असे, की भाराची एक तरी अशी वाटणी कागदावर दाखवता आली, जिच्यात सगळे बळ एकमेकांना तोलून धरते आणि कुठेही यील्ड मर्यादा ओलांडली जात नाही, तर ती वस्तू त्या भाराखाली कोसळणार नाही. पोलाद स्वतः त्याहून चांगली वाटणी शोधून काढेल, वाईट नाही. आज संगणकावर पात्राचे लाखो तुकडे करून हाच हिशोब मांडतात.

प्रत्यक्ष चाचणीची एक जुनी पद्धतही आहे. दाब हळूहळू वाढवत नेऊन पात्र किती ताणले जाते, याचा आलेख काढतात. सुरुवातीला रेषा सरळ जाते, मग वाकू लागते. सरळ रेषेच्या हिशोबाने जेवढे ताणले जायला हवे होते, त्याच्या दुप्पट ताणले गेले, की तो दाब कोलॅप्सचा धरतात. प्रत्यक्ष कामात त्याच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त दाबाला परवानगी देत नाहीत. थोडक्यात, पात्र किती पेलू शकते आणि त्याच्यावर किती टाकायचे, यांच्यामध्ये जाणूनबुजून मोकळी जागा ठेवलेली असते. अपघात म्हणजे ती जागा संपणे.

मोकळी जागा कोण खाते?

वरच्याच उदाहरणाकडे परत वळू. ताण ७५० किलो आणि मर्यादा २,६०० किलो, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट ताकद हाताशी आहे. १० किलोच्या दाबासाठी बांधलेले हे नवे पात्र सुमारे ३५ किलो दाबापर्यंत टिकायला हवे. आता काही वर्षांत गंज आणि झीज यांनी निम्मी भिंत खाल्ली असे समजा. जाडी ५ मिलिमीटर उरली, ताण दुप्पट म्हणजे १,५०० किलो झाला. अशा पात्राची पाण्याची चाचणी दीडपट दाबाने केली, तर ताण २,२५० किलोपर्यंत जाईल. तोही २,६०० च्या आतच आहे. म्हणजे निम्मी भिंत गेलेले पात्र त्या दिवशी चाचणीत उत्तीर्ण होईल! प्रमाणपत्र मिळेल आणि ते खोटेही नसेल. त्या दिवशी ते पात्र फुटले नाही, इतकेच ते सांगते. उद्यासाठी किती ताकद शिल्लक आहे, हे जाडी मोजल्याशिवाय कळत नाही.

त्यात उष्णतेची भर पडली तर? बॉयलरच्या आगीकडील भिंतीला पाणी थंड ठेवत असते. पाण्याची पातळी खाली गेली किंवा आतून क्षारांचा जाड थर बसला, की ही राखण सुटते. सुमारे ६०० अंश सेल्सिअसला साध्या पोलादाची ताकद निम्म्याहूनही थोडी कमी होते. २,६०० किलोचे सुमारे १,२०० उरतात. पूर्ण जाडीची भिंत ७५० किलोचा ताण घेऊन काही वेळ तरी तग धरेल. झिजलेल्या भिंतीवर मात्र १,५०० किलोचा ताण आहे. ती नेहमीच्याच दाबाला कोसळेल. दाबमापकाचा काटा योग्य जागी असेल, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडणारही नाही, कारण त्याला ठरवून दिलेला दाब ओलांडलेलाच नाही. मग सगळे म्हणतील, सर्व काही ठीक असताना अचानक स्फोट झाला. प्रत्यक्षात झीज वर्षानुवर्षे चालू होती आणि पाणी काही वेळ आधीच खाली गेले होते.

लहान कारखान्यांतल्या अनेक बॉयलरमध्ये आगीची मोठी नळी पाण्याच्या आतून जाते. तिथे तापून मऊ झालेली भिंत बाहेर फुगण्याऐवजी आत चेपली जाते. दिशा उलटी, कारण तेच.

या हिशोबाला एक अट आहे. भिंत अखंड आणि पोलाद चिवट असले, तरच तो लागू पडतो. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉकटन येथे बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला आणि ५८ जण मृत्युमुखी पडले. एकमेकांवर चढवून रिव्हेट मारलेल्या पत्र्यांच्या जोडात, बाहेरून न दिसणारी भेग होती. तिथे भार वाटून घ्यायला पोलादाला वेळच मिळाला नाही. त्या घटनेनंतर मॅसॅच्युसेट्सने १९०७ मध्ये बॉयलरसाठी नियम केले आणि त्या पाठोपाठ अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची संहिता तयार झाली. जगभरातील दाबपात्रे आज मोठ्या प्रमाणावर त्याच परंपरेतल्या नियमांनी बांधली जातात. तीही भेग एका दिवसात पडलेली नव्हती.

फुटल्यानंतर शरीराचे काय होते?

बॉयलरचा धोका वाफेइतकाच आतल्या पाण्यात असतो. १० किलोच्या दाबाखाली पाणी सुमारे १८० अंशांना द्रवरूपात राहते. भिंत फाटताच दाब जातो आणि त्या पाण्याचा साधारण सहावा भाग क्षणात वाफ होतो. एका टन पाण्यातून सुमारे १६० किलो वाफ निघते आणि ती पावणेतीनशे घनमीटर जागा मागते. एका मोठ्या वर्गखोलीत मावणार नाही एवढी वाफ डोळ्याची पापणी लवायच्या आत तयार होते. म्हणूनच पात्राची चाचणी हवेने न करता थंड पाण्याने करतात. थंड पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही; चाचणीत पात्र फाटलेच, तर गळती होते, स्फोट होत नाही.

अशा स्फोटातील जखमा चार प्रकारच्या असतात. दाबाची लाट कानाचे पडदे, फुप्फुसे आणि आतडी यांना इजा करते. उडालेले तुकडे आणि काचा शरीरात घुसतात. माणूस फेकला जाऊन हाडे मोडतात, डोके आपटते. चौथा प्रकार भाजण्याचा आणि विषारी धुराचा. यांतली फुप्फुसाची इजा सर्वांत फसवी. बाहेरून ओरखडाही नसलेला कामगार स्वतः चालत रुग्णालयात येतो आणि काही तासांनी त्याला धाप लागते. कानाचा पडदा शाबूत आहे म्हणून फुप्फुस शाबूत आहे, असे मानता येत नाही. स्फोटाच्या वेळी जवळ किंवा बंद जागेत असलेल्या माणसाला ‘काही झाले नाही’ म्हणून घरी पाठवू नये. काही तास रुग्णालयात नजरेखाली ठेवावे.

वाफेने भाजणे उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, कारण त्वचेवर पाणी होताना वाफ आपली सुप्त उष्णताही देऊन जाते. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडणे, हाच पहिला उपचार. बर्फ, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये. चेहरा भाजला असेल किंवा आवाज बसला असेल, तर श्वासनलिकेला सूज येऊ शकते. अशा रुग्णाला एक क्षणही न दवडता रुग्णालयात न्यावे.

कायद्याच्या व्याख्येबाहेरची पात्रे

२३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसे मरण पावली. सुरुवातीच्या बातम्यांत ‘बॉयलरचा स्फोट’ म्हटले गेले. नंतर ते रिअ‍ॅक्टर, म्हणजे रासायनिक क्रियेचे पात्र असल्याचे स्पष्ट झाले. हा फरक शब्दांपुरता नाही. कायद्याच्या दृष्टीने बॉयलर म्हणजे उष्णता देऊन स्वतःच्या बाहेर वापरण्यासाठी वाफ तयार करणारे दाबपात्र. २५ लिटरपेक्षा लहान आणि १ किलोपेक्षा कमी दाबाची पात्रे त्यातून वगळलेली आहेत. रिअ‍ॅक्टर या व्याख्येत बसत नाही. रुग्णालयात स्वतःच्याच पोटात वाफ करून उपकरणे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्हही सहज बसत नाही.

वायू साठवणाऱ्या मोठ्या टाक्यांसाठी वेगळे नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी नागपुरात मुख्यालय असलेली केंद्रीय स्फोटके व पेट्रोलियम सुरक्षा संस्था करते. रिअ‍ॅक्टरसारख्या पात्रांसाठी १९४८ च्या कारखाने कायद्यातले कलम ३१ हे २०२५ पर्यंत मुख्य बंधन होते. सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही याची परिणामकारक व्यवस्था करावी, एवढीच त्याची मागणी होती. वास्तविक रिअ‍ॅक्टरचा हिशोब बॉयलरपेक्षा अवघड असतो. रासायनिक क्रिया हाताबाहेर गेली, की तापमान वाढते, त्याने क्रियेचा वेग वाढतो आणि त्या वेगाने तापमान आणखी चढते. साध्या मापाचा व्हॉल्व्ह वायू बाहेर टाकून पुरा पडत नाही. पोलादाला मात्र आपण कोणत्या कायद्याखाली येतो हे ठाऊक नसते. ते जाडी, तापमान आणि दाब एवढेच जाणते. म्हणून तपासणीची काटेकोरी पात्राच्या नावावर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे.

तपासणी कशी असावी, याचा धडा ऑक्सिजनच्या सिलिंडरकडून घेता येतो. ठराविक वर्षांनी त्यात पाणी भरून, नेहमीच्या दाबापेक्षा बराच जास्त दाब देतात आणि तो किती फुगला हे मोजतात. दाब काढल्यावर तो पूर्ववत झाला, तर चांगला. ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त फुगवटा कायम राहिला, तर सिलिंडर बाद. म्हणजे इथे ‘फुटला नाही’ यावर उत्तीर्ण करत नाहीत. धातू प्लॅस्टिक अवस्थेत किती शिरला, हे पाहतात. चाचणीची तारीख सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली असते. सिलिंडर घेणाऱ्या रुग्णालयाने आणि घरी ऑक्सिजन लावणाऱ्या कुटुंबाने ती वाचायला हवी.

स्वयंपाकघरातला कुकर हेही दाबपात्रच. आत दाब साधारण १ किलो असला, तरी २२ सेंटिमीटरच्या झाकणावर जवळपास पावणेचारशे किलोचा रेटा असतो. शिट्टी चोंदली आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी स्वस्तातला नकली तुकडा बसवला, तर धोका झाकण उडण्याचा असतो. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे. ते पाहूनच कुकर घ्यावा, व्हॉल्व्ह आणि रिंग त्याच बनावटीचीच घ्यावी.

चौकशीत काय शोधायचे?

स्फोटानंतर फाटलेला पत्रा स्वतःच साक्षीदार असतो. शवविच्छेदनात अवयव बोलतात, तसा तो बोलतो. फाटलेली कड ताणून पातळ, धारदार झाली असेल आणि भोवतीचा भाग फुगला असेल, तर पोलाद मऊ होऊन किंवा जादा दाबाने कोसळले. कड जाडच राहून सपाट तुटली असेल, तर भेग किंवा ठिसूळपणा शोधावा लागतो. आतल्या बाजूला खड्डे असतील, तर गंजाचा इतिहास काढावा लागतो. ही माहिती भंगारात जाण्याआधी नोंदवली गेली पाहिजे.

म्हणून प्रत्येक दुर्घटनेच्या चौकशीत चार आकडे असलेच पाहिजेत: भिंतीची मूळ जाडी आणि फुटण्याआधी शेवटची मोजलेली जाडी, सेफ्टी व्हॉल्व्ह कोणत्या दाबाला उघडायचा आणि तो शेवटचा कधी तपासला, त्या वेळी आतले तापमान व पाण्याची पातळी किती होती, आणि शेवटच्या चाचणीत पात्र किती ताणले गेले. हे आकडे मृतांच्या नातेवाइकांना आणि कामगारांना वाचायला मिळाले पाहिजेत. यांपैकी एकही आकडा कारखान्याच्या नोंदीत सापडला नाही, तर ती गैरहजेरीच अपघाताचे कारण म्हणून लिहावी.

नव्या कायद्याखालचे नियम, राज्यांनी द्यायच्या सवलती आणि खासगी तपासनिसांचे अधिकार यांचा कस इथे लागेल. तपासनीस सरकारी असो वा खासगी, त्याने पात्राच्या ठरलेल्या जागी जाडी मोजली का आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी यंदाचा आकडा लिहिला का, हे पाहायला हवे. जाडी मोजायला अल्ट्रासाउंडचे हातात मावणारे यंत्र पुरते आणि एका जागेच्या मोजणीला काही मिनिटे लागतात. भाजलेल्या कामगारावर महिनोन्‌महिने उपचार करण्यापेक्षा हे काम खूप स्वस्त आहे.